कशानेही या

माझी मेहुणी राहायची ते शहर खाडीकाठी होतं आणि मध्यम होतं. म्हणजे विमानतळ असण्याइतकं मोठं आणि विमान नसण्याइतकं लहान. तिथे जायला रेल्वे होती, बस होती, स्वतःची गाडी काढता येत होती आणि खाडीच्या अलीकडून बोटही सुटत होती. एवढ्या सोयी असल्यामुळे आम्ही कधीच गेलो नाही.

दोष सोयींचा नाही, आमच्या घराचा आहे. आमच्याकडे जो वाहन सुचवतो, तो त्या प्रवासात जे काही होईल त्याचा धनी. गाडी लेट झाली तर तो, चहा गार मिळाला तर तो, कुणाची चप्पल तुटली तरी तोच. माझ्या थोरल्या भावाने, म्हणजे दादाने, एकदा लग्नाला जाताना जवळचा रस्ता दाखवला होता. आम्ही पोचलो तेव्हा खुर्च्या गोळा करायचं काम चालू होतं. तेव्हापासून वहिनी त्याला चारचौघांत 'शॉर्टकट' म्हणते. तो भाजी आणायला निघाला तरी म्हणते, "सरळ रस्त्याने जा हो, शॉर्टकट." हे पाहून बाकीचे शहाणे झाले.

मेहुणी दर सुट्टीत माझ्या बायकोला फोन करायची. "ताई, कशानेही या, पण या गं. गॅलरीत बसलं की समोर नुसतं पाणी." मग आमची बैठक व्हायची. दादाची सगळी नोकरी बस डेपोत गेली, त्यामुळे बसने का जाऊ नये याची भक्कम कारणं त्याच्यापाशी होती. वहिनीच्या मते रेल्वे बरी, "पण मी म्हटलं असं कुणी म्हणू नका." मी विमा कचेरीत अपघातांचे दावे तपासतो, कुठलंही वाहन पोचतं यावर माझा मुळातच विश्वास नाही. शेवटी जो तो "तुम्ही म्हणाल तसं" म्हणायचा आणि सुट्टी संपायची.

या वेळचा फोन वेगळा होता. मेहुणीने घर विकलं होतं. रविवारी दुपारी चाव्या द्यायच्या आणि तिथूनच मुलाकडे, परदेशी, कायमचं.

"मला तिच्या गॅलरीत बसून तिच्या हातचा चहा प्यायचाय," बायको म्हणाली. "एकदा. बाकी काही नको."

बैठक बसली ती शनिवारी संध्याकाळपर्यंत उठली नाही.

"आता बसचं म्हणशील," दादा म्हणाला, "तर ती अमुक ठिकाणी अर्धा तास उभी राहते."

"म्हणजे बस नको?" मी विचारलं.

"नको असं मी कुठे म्हटलं?"

"यांच्या तोंडून वाहन निघालं तर मी घरीच बरी," वहिनी म्हणाली.

बायको भांडी विसळत होती. तिने नळ बंद केला. "बोटीने जायचं. मी सांगतेय. पुढे काय बोलायचं ते मला बोला."

घरातल्या प्रत्येकाच्या खांद्यावरून काहीतरी उतरलं. दादाने ताबडतोब बॅग भरली. वहिनी गुडघ्यांचं कारण काढून घरीच राहिली आणि आम्ही निघताना बायकोला म्हणाली, "सावकाश जा. तू ठरवलंयस म्हणजे काय, प्रश्नच नाही."

सकाळी बोट वेळेवर सुटली, हेच मला खटकलं. शहर समोर दिसायला लागलं, माणसं ओळखू येतील इतकं जवळ आलं, आणि बोट थांबली. ओहोटी होती. धक्क्याजवळ पाणी पुरेसं नाही, भरती चढली की लागू, असं सांगून खलाशी सावलीला जाऊन पडला.

"मी काही बोलत नाही," दादा म्हणाला.

"नका बोलू."

"बोलतच नाहीये. बस एव्हाना पोचली असती, एवढंच."

बायकोने बहिणीला फोन लावला. "अगं, समोरच आहे मी. बोटीत."

"दिसतेय बोट! मी गॅलरीत आहे. ती पिवळी इमारत बघ, तिसरा मजला. हात करतेय मी."

इमारती तीन पिवळ्या होत्या. बायको उठून उभी राहिली आणि तिन्हींना हात करत राहिली. मी तिची पर्स धरून बसलो. सूर्य डोक्यावर आला, तेव्हा फोनवरचा आवाज बदलला. "ताई, घर घेणारे आलेत गं. खाली उतरते. चाव्या द्यायच्यात."

आम्ही धक्क्यावर उतरलो तेव्हा ती टॅक्सीला टेकून उभी होती. टॅक्सीच्या टपावर तिचा सगळा संसार बांधलेला. विमान दुसऱ्या शहरातून होतं, त्यामुळे लगेच निघायला हवं होतं.

"किती वाळलीस," बायको म्हणाली.

"तूच जाड झालीस म्हणून तसं वाटतं. गोळ्या घेतेस ना?"

"घेते. तू?"

"घेते."

मग दोघी रडतील असं मला वाटलं, पण त्यांनी एकमेकींचे पदर सारखे केले. टॅक्सीवाल्याने हॉर्न दिला. "भाऊजी, हिला जपा," मेहुणी मला म्हणाली, आणि टॅक्सी रस्त्याच्या वळणाआड गेली.

परतीची बोट संध्याकाळी होती. बायको म्हणाली, "घर खालून तरी बघू." पत्त्यावरच्या पिवळ्या इमारतीच्या फाटकाशी वॉचमन प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसला होता.

"कुणाकडे जायचंय?"

"तिसऱ्या मजल्यावर," बायको म्हणाली. "जायचं होतं."

"त्या बाई गेल्या की! आत्ताच. तुम्ही कशाने आलात?"

"बोटीने."

"बोटीने?" वॉचमन खरोखरच हळहळला. "या दिवसांत सकाळची बोट कायम अडकते. इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. ओळखीच्या कुणाला तरी विचारायचं आधी."

दादाने माझ्याकडे पाहिलं. एवढ्या बैठका झाल्या, पण जी त्या शहरात राहत होती, तिला कसं यायचं हे आमच्यापैकी एकानेही कधी विचारलं नव्हतं.

"तिला विचारलं असतं," बायको म्हणाली, "तर यावं लागलं असतं."

वॉचमनला यातलं काही कळलं नसावं. पण तो उठला आणि त्याने आपली खुर्ची तिच्यापुढे सरकवली. ती बसली. तिथून पाणी दिसत नव्हतं. समोर टॅक्सीस्टँड होता. मी आणि दादा उभेच राहिलो.