कोरड्या डोळ्यांची रोजरी

पाचूबंदरात कुणाच्या मयताला कोण किती रडलं हे बरोबर टिपणाऱ्या बायका आहेत. मॅग्डलीनच्या सासूची पेटी कबरीत उतरली तेव्हा अख्खी गल्ली धाय मोकलून रडली, आणि सूनबाई कोरड्या ठणठणीत डोळ्यांनी माती टाकून आली. झालं! नणंद शर्लिनला तेवढंच पुरलं. वयनी आयच्या मरणाची वाटच बघत होती, असं तिनं घरोघरी सांगितलं.

साफ खोटं. म्हातारी अंथरुणाला खिळली होती तेव्हा तिचं हगणं-मुतणं मॅग्डलीननंच काढलं. शर्लिन अर्नाळ्याहून सणासुदीला यायची आणि जेवून जायची.

डोळ्यांचं कारण मॅग्डलीनला ठाऊक होतं. वसईच्या डॉक्टरनं पापणीच्या आत कागदाची पट्टी अडकवून पाहिली होती. पट्टी भिजलीच नाही. बोंबील सुकवताना लागणाऱ्या खाऱ्या वाऱ्यानं झालं असेल, म्हणाला. तेव्हा तिनंच सांगून टाकलं, “मला एचआयव्ही हाय, डॉक्टर. नवऱ्याकडून आला. गोळ्या चालू हायत.”

डॉक्टर सरळ होऊन बसला. एचआयव्ही असलेल्यांचे डोळे असे कोरडे पडलेले बरेचदा दिसतात, म्हणाला. तो विषाणूच अश्रूंच्या ग्रंथींना त्रास देत असेल, नाहीतर मागे तिच्या कपाळावर नागीण उठली होती, तिचा विषाणू असेल. “या शक्यता आहेत, मावशी. छातीठोक कुणीच सांगणार नाही.” आणि डोळ्यांत घालायचे थेंब दिले.

सातव्या दिवशी घरी रोजरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना होती. या घरात रोजरी सून चालवते. ती अर्धी प्रार्थना म्हणते, उरलेली बाकीचे म्हणतात. लेक रोझमेरी आईला आत घेऊन गेली. “मम्मी, थेंब घाल ना. गालावर ओघळले की कोण विचारतंय?”

“आयसाठी बाटलीतलं पानी गाळू? नाय जमनार.”

ती बाहेर येऊन बसली तशी शर्लिन सगळ्यांदेखत म्हणाली, “हिच्या तोंडची प्रार्थना माझ्या आयला नको. एक टिपूस काढलं नाय हिनं.”

रोझमेरीनं आईचा पदर ओढला. मॅग्डलीनचा नवरा काविळीनं गेला असंच गावाला माहीत होतं. खरं बोललं तर उद्या बाजारात आपल्या मासळीच्या टोपलीपाशी गिऱ्हाईक फिरकणार नाही, हे मॅग्डलीनला कळत नव्हतं थोडंच? पण तिच्या डोक्यात तिडीक गेली. आजवर तोंड दाबून जगले, आता आयच्या नावानंही बोल लावून घ्यायचा?

“मला एचआयव्ही हाय,” ती म्हणाली. “तुझ्या भावाला होता, त्याच्याकडून आला. त्यानं म्हना, नागिनीनं म्हना, माझे डोळे सुकलेत. आयला सगळं ठावं होतं. तरी ती माझ्याच हातचं जेवली, शेवटपर्यंत.”

दोन बायका उठून चपला शोधायला लागल्या. शर्लिनचं तोंड पांढरं पडलं, पण जीभ थांबली नाही. “आता तुझं म्हावरं कोन घेनार?”

“नसेल घ्यायचं त्यांनी नका घेऊ. उद्या मी बसनार. माझ्या जागेवरच बसनार.”

तिनं गुडघे टेकले, क्रुसाची खूण केली आणि पहिल्या मण्याची अर्धी प्रार्थना म्हटली. उत्तर आलं नाही. उरलेली तिनं स्वतः म्हटली नाही. मणी चिमटीत धरून थांबून राहिली. सगळ्यांच्या माना खाली. मग दाराजवळच्या खुर्चीतून सासरे फर्डिनंड घोगऱ्या आवाजात एकटेच उत्तर म्हणाले.

मॅग्डलीननं दुसरा मणी धरला आणि पहिल्यापेक्षा मोठ्यानं सुरुवात केली.