बुडालेल्या रानाच्या कापसाची गादी

मित्रांनो, आधी नाकावरचा रुमाल काढा. मला वास येतो, हे मलाही ठाऊक आहे. मी कापसाची जुनी गादी आहे आणि माझी दोन-अडीच वर्षं होडीत गेली. होडीत राहिलेल्या गादीला अत्तराचा वास कुठून येणार?

निजामाच्या राज्यात पोलीस ॲक्शन झाली त्यानंतर दोन वर्षांनी लासूर स्टेशनला एका पिंजाऱ्याने मला भरलं. कापूस होता बन्सीच्या रानातला, गंगाकाठच्या काळ्या मातीतला. आमच्याकडे गोदावरीला गंगाच म्हणतात. बन्सी आणि सरूबाईच्या लग्नात मी बैलगाडीतून गावी आले, तेव्हा बायका माझ्यावर हात फिरवून म्हणाल्या, "लोन्यावानी मऊ हाय गं!" तेव्हापासून मी थोडी शिष्टच आहे. पुढे माझ्यावरच त्यांची लेक मनकर्णा रांगायला शिकली.

मग पैठणला धरण झालं. पाणी तुंबून मागे चढत आलं आणि आमचं घर, रान, विहीर सगळं पोटात घेऊन थांबलं. माणसं वरच्या माळावर नव्या गावात गेली. बन्सीचं मन काही तिथे लागेना. त्याने एक जुनी होडी घेतली, माणसांना पैलतीरी सोडू लागला आणि राहूही लागला होडीतच. पण गडी औताचा! त्याला होडीतलं काय कळणार? त्याने मला थेट फळ्यांवर अंथरलं आणि कडब्याची गंज झाकावी तसं मेणकापडात आवळून टाकलं.

"आता थेंब लागत नाय," तो खुशीत म्हणायचा.

अहो, पण ओल वरून येतच नव्हती. ती खालून येत होती आणि मेणकापडामुळे आतच कोंडत होती. महिन्याभरात माझ्या पोटावर बुरशीचे काळे ठिपके उमटले आणि बन्सीला खोकला लागला.

आता सांगते ते मी कुणाला सांगितलेलं नाही. होडी उभी राहायची ती बरोबर आमच्या बुडालेल्या रानावर. जिथे मी बोंडात उमलले, ती मातीच पाण्यातून वर येऊन मला चाचपते आहे, असं वाटायचं. मला फार भीती वाटायची. आणि जावंसंही वाटायचं.

एके सकाळी सरूबाई नव्या गावातून भाकरी घेऊन आली. तिने माझा कोपरा उचलून हुंगला आणि ती कडाडली, "अवं, कांदा आसा कोंडून ठिवता का तुमी? खालून वारा नसला की सडतो का नाय? मंग ह्या गादीनं काय पाप केलं?"

तिने बांबूच्या कामट्या बांधून ताटी केली, तिच्याखाली लाकडाचे ठोकळे ठेवले आणि वर मला अंथरलं. मेणकापड फक्त पावसापुरतं. रोज दुपारी ती मला उलटीपालटी करून ऊन द्यायची. मी सुकले, बन्सीचा खोकला थांबला. दोन वर्षं सुखात गेली.

मग मनकर्णाच्या बाळंतपणाला सरूबाई तिच्या सासरी करमाडला गेली. दुसऱ्याच दुपारी बन्सीने ताटी काढून बाजूला ठेवली, मला फळ्यांवर टाकलं आणि माझ्यावर कान टेकून तो पडून राहिला.

तेव्हा मीही ऐकलं. खाली विहिरीचा रहाट कुरकुरत होता. तुम्ही म्हणाल, दोरीचा आवाज असेल. पण होडी तेव्हा कुठेच बांधलेली नव्हती. मग एका म्हाताऱ्या बाईचा आवाज आला, "बन्सी, बैलं पाज रं." त्याची आई जाऊन अकरा वर्षं झाली होती.

"आलो, माय," बन्सी म्हणाला.

त्यानंतर त्याने मला ऊन दाखवलं नाही. मी भिजत गेले, जड होत गेले. खरं सांगते, मलाही सुकायचं नव्हतं.

वीस दिवसांनी सरूबाई परतली आणि दुसऱ्याच्या होडीतून आमच्यापर्यंत आली, तेव्हा तो तापाने फणफणला होता.

"ताटी काहून काढली?"

"ताटीवर निजलं की माय आईकू येत नाय गं."

ती रागावली नाही. ओल्या फळीवर हात ठेवून क्षणभर बसली आणि मग स्वतः वल्हं मारत त्याला काठाला घेऊन आली. औरंगाबादला घाटीच्या दवाखान्यात चौथ्या दिवशी बन्सी गेला. छातीत पाणी झालं होतं.

मेलेल्या माणसाचं अंथरूण पाण्यात सोडायचं, ही आमच्याकडची रीत. बन्सीचा धाकटा भाऊ कडूबा मला उचलून काठावर घेऊन गेला. मी रानात परत जाणार, म्हणून मला आनंद झाला होता. त्याची आज लाज वाटते. कडूबाने मला पाण्यात ढकललं आणि सरूबाई गुडघाभर पाण्यात शिरली. तिने मला दोन्ही हातांनी मागे ओढलं.

"वहिनी, रीत हाय ही."

"आसंल. ह्या पान्यानं घर नेलं, रान नेलं, मालक नेला. गादी नाय द्यायची मी."

आता मी नव्या गावात तिच्या अंगणात असते. माझ्यावर कुणी झोपत नाही, तरी ती रोज मला ऊन देते. कधी माझ्याजवळ बसून पुटपुटते, "दोन वर्सं ह्या गादीची ओल काढली. त्यास्नी काय व्हतंय, ते कवा इचारलंच नाय."

मित्रांनो, अंथरूण ओलं कोंडू नका. खालून वाऱ्याला वाट ठेवा, ऊन द्या. आणि घरातलं कुणी मुद्दाम ओलीतच पडून राहत असेल, तर आधी त्याच्याशेजारी बसा आणि त्याला काय ऐकू येतं ते विचारा. मला विचारता आलं नाही. तुम्हाला येतं.