जिचं बोट तिचं उत्तर

माहा स्वभाव शंकेखोर आहे, कबूल करतो. तूर घ्यायले गेलो तं पोत्याच्या बुडातली मूठ काढून पाहतो. माही बायको चंदा म्हणते, "तुमी तं आपल्या सावलीलेही आधार कार्ड मागसान." मागीन. सावलीचा काय भरोसा?

दिवाळीनंतर माही बदली तिवस्याहून अंजनगावजवळच्या एका गावात झाली. पाचवीचा वर्ग भेटला. पोरं तीस, टॅब सतरा, त्यातले दोन चार्जच होत नव्हते. दुपारी लाइन जाये, नेट फक्त एका खिडकीपाशी येये. म्हून एका टॅबवर दोन पोरं बसवा लागत होती, अन् दोन पोरं एका जागी बसली की मले घोर लागतो.

जानेवारीत अमरावतीच्या एका निवासी शाळेची परीक्षा होती, सहावीच्या प्रवेशाची. वीस प्रश्न, टॅबवरच सोडवायचे. अठरा बरोबर आले की बारावीपर्यंत राहणं, खाणं, शिकणं सगळं तिथंच. आमच्या शाळेतून एकच नाव जाणार होतं, अन् सरावात सगळ्यात वर नाव होतं प्रतीक्षाचं. कधी अठरा, कधी एकोणीस.

प्रतीक्षाची माय दुर्गाबाई. सांबार म्हंजे कोथिंबीर, मेथी, पालक लावते अन् अंजनगावच्या बाजारात विकते. पोरगी पहाटे उठून जुड्या बांधते, मंग शाळेत येते अन् मागच्या बाकावर रागिणीजवळ बसते.

एक दिवस मी मांगून गेलो तं काय पाहतो, प्रतीक्षानं रागिणीचं बोट धरलं होतं अन् त्या बोटानं उत्तरं दाबून राहिली होती. म्हटलं, सापडली. जिचं बोट तिचं उत्तर. रागिणी उत्तर देते अन् मार्क हिच्या नावावर चढतात. वही चांगली होती हिची, पण वही काय, घरून कोणीही लिहून देते.

दुसऱ्या दिवशी दोघींले दोन टोकाले बसवलं. रागिणीले नऊ आले, प्रतीक्षाले दोन. "सर, टॅब माह्या बोटानं चालत नाही," ती म्हणाली. मी म्हटलं, बहाणे सांगू नको. मले आनंद झाला, खोटं काहून बोलू? चोर पकडल्याचा आनंद होता तो. तिचं नाव पाठवायचं नाही असं मी ठरवून टाकलं.

दोन दिवसांनी दुर्गाबाई शाळेत आली. हाताले माती तशीच होती.

"सर, माह्या पोरीचं नाव काहून कापलं?"

"कॉपी करते."

"कोनाची?"

"रागिणीची."

"रागिणीले सोतालेच येत नाही, तिची काय कॉपी करन?" ती म्हणाली. "रेशनच्या मशीनीवर माहा अंगठा लागत नाही, सर. मंग आमी प्रतीक्षाचा लावत होतो. दोन महिने झाले, आता तिचाबी लागत नाही. सुतळीनं बोटं पार घासली तिची. माही पोरगी खोटी नाही. तिले तोंडी इचारा."

मी विचारलं. फळ्यावर गणितं टाकली, मुद्दाम अवघड टाकली. पोरीनं सगळी सोडवली. मंग टॅब तिच्या हाती दिला. तिनं दाबलं, काहीच नाही. बोट ओलं करून दाबलं, एकदा लागलं अन् पुन्हा नाही. मी दाबलं तं लगेच. तिचं बोट हातात घेऊन पाहिलं. अकरा वर्षांच्या पोरीचं बोट, अन् कातडी टाचेसारखी फुटलेली. मले माहीच लाज वाटली. त्याच दिवशी तिचं नाव पाठवलं.

परीक्षा अंजनगावात होती. निरीक्षक रश्मी मॅडम अमरावतीहून आल्या होत्या. मी त्यायले सगळं सांगतलं, कागदावर परीक्षा घ्या म्हटलं.

"कागद चालत नाही, सर. उत्तरं थेट टॅबवरून वर जातात."

"मंग तुमच्या बोटानं दाबू द्या."

"मला टॅबला हात लावायची परवानगी नाही."

"मंग माह्या बोटानं?"

त्यायनं मले खालून वर पाहिलं. "बोट तुमचं, मग उत्तर कोणाचं समजायचं?"

माह्या अंगाची लाही लाही झाली. पण बोलू काय? हेच तं मी म्हटलं होतं. शेवटी मॅडम तयार झाल्या, एका अटीवर. मी डोळे मिटून बसायचं.

मी डोळे मिटले. पोरीनं माहं बोट धरलं अन् कामाले लागली. ती थांबे, पुटपुटे, मंग माहं बोट ओढून दाबे. बारा प्रश्न झाले. अन् माह्या डोक्यात तो जुना शंकेचा किडा वळवळला. ही बरोबर दाबून राहिली ना? मॅडम दुसऱ्या पोराकडे वळल्या तसे मी डोळे उघडले.

तेरावा प्रश्न. एका ओळीत दहा खांब, दोन खांबांमधात पाच मीटर अंतर, तं पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत किती? पोरगी माहं बोट पंचेचाळीसवर नेऊन राहिली होती. मी मनात म्हटलं, दहा पंचे पन्नास, चुकली. अन् मी बोट पन्नासवर दाबलं.

तिनं माह्याकडे पाहिलं. दाबलेलं उत्तर वर गेलं होतं, आता बदलत नव्हतं. पुढच्या प्रश्नाले पुन्हा माहं बोट धरलं.

शेवटी टॅबवर आकडा आला. सतरा. खाली चुकलेले तीन प्रश्न लाल दिसत होते, त्यात तेरावा.

"दहा खांबायमधात नऊच फटी राहतात, सर," ती हळूच म्हणाली.

मी तसाच उठलो अन् मॅडमले खरं सांगतलं. म्हटलं, तो एक तिले द्या. मॅडम म्हणाल्या, "आता तर मला पूर्ण पेपरच रद्द करावा लागेल. मला हीच भीती होती." त्यायचं काय चुकलं? फेरपरीक्षा नव्हती. पोरीची जागा गेली होती, अन् ती माह्या हातानं गेली होती.

बाहेर दुर्गाबाई बाजार सोडून उभी होती. पोरीचं तोंड पाहूनच समजली.

"काय झालं वं?"

"टॅबले बोट लागलं नाही, माय," प्रतीक्षा म्हणाली.

ती माह्याकडे पाहतही नव्हती. जिले मी खोटारडी ठरवलं होतं, ती माह्यासाठी आपल्या मायसमोर खोटं बोलून राहिली होती. गप राहिलो असतो तं कोणाले कळलं नसतं.

"लागलं होतं, दुर्गाबाई," मी म्हटलं. "एक उत्तर मी दाबलं. तिचं बरोबर होतं, माहं चुकलं."

दुर्गाबाई माह्या हाताकडे पाहत राहिली.

"तुमी तं फळ्यावर पाहलं होतं ना, सर, तिले येते म्हून," ती म्हणाली. "मंग काहून दाबलं?"