यादीतून काढलेला पत्ता

मी बोलतोय, सौंसरच्या बसस्टँडमागच्या अभ्यासिकेतला वायफायचा राउटर. भिंतीवर टांगलेला, दोन अँटेनांचा. नाकासमोर चालणारा आहे मी, आणि तेच नडलं.

निवृत्त शिक्षक केशवरावांनी मला आणलं. आधी माझ्याकडे नुसता पासवर्ड होता. तो आठवडाभरात गावभर झाला. बसची वाट बघणारे भिंतीला टेकून सिनेमे बघायला लागले आणि आतल्या मुलांचं पान उघडेना. मग सरांनी यादी केली. प्रत्येक फोनला कारखान्यातूनच एक पत्ता मिळालेला असतो, अक्षरं आणि आकड्यांचा. ज्याचा पत्ता यादीत, त्यालाच मी आत घ्यायचं. माणूस कोण, हे मला दिसत नाही.

सरांची एक रीत होती. कुणाला नोकरी लागली की संत्र्याची बर्फी वाटायची आणि त्याचा पत्ता स्वतःच्या हाताने यादीतून काढायचा. "सुटला बापा पोट्टा!" म्हणायचे. त्या दिवशी त्यांचे डोळे भरून यायचे.

अभ्यासिकेतला प्रवीण भरतीच्या तयारीला छिंदवाड्याला गेला तेव्हा त्याने जुना फोन मावसबहिणीला, लोधीखेड्याच्या करुणाला दिला. पत्ता आयताच यादीत होता, म्हणून सरांना सांगायचं दोघांनाही सुचलं नाही. वर्षभर करुणा त्याच फोनवर शिकली. भरतीच्या परीक्षेत दोनदा नापास झाली, तरी रोज सकाळी सगळ्यांच्या आधी यायची ती.

प्रवीण वनरक्षक झाला. सरांनी बर्फी वाटली आणि यादीतून 'प्रवीण' नावापुढचा पत्ता काढला.

दुसऱ्या दिवशी पटवारी भरतीच्या अर्जाची शेवटची तारीख होती. करुणाच्या फोनने हाक दिली, मी नाही म्हणालो. तिने सात वेळा प्रयत्न केला, मी सातही वेळा नाहीच म्हणालो. मला 'नाही' म्हणता येतं, 'का' ते सांगता येत नाही.

"काऊन वं, चालून नाही राहिलं का?" शेजारच्या गायत्रीने विचारलं. "माह्या मोबाइलवर भर ना."

"राहू दे. सरनं मले यादीतून काढलं असन. दोनदा नापास झाली ना मी."

करुणाने वह्या पिशवीत भरल्या आणि ती अर्ज न भरताच गेली. त्या दिवशी सर नागपूरला होते.

सर परतल्यावर गायत्रीने सांगितलं, तेव्हा त्यांनी यादी उघडली आणि करुणाकडे प्रवीणचाच जुना फोन होता हे त्यांच्या ध्यानात आलं. "अवं, म्या त प्रवीणचं काढलं होतं!" लगेच लोधीखेड्याला गेले. करुणा संत्र्याच्या तोडणीवर गेली होती. सरांनी तिच्या आईजवळ निरोप ठेवला, पण ती आली नाही. त्यांनी तो पत्ता पुन्हा यादीत घातला आणि पुढे 'करुणा' लिहिलं. बर्फी ते अजून वाटतात, पण आता कुणाचाच पत्ता काढत नाहीत.

काल सकाळी लोधीखेड्याची बस भिंतीपलीकडे थांबली आणि तो फोन आपणहून हाक देऊन गेला. मी त्याला क्षणात आत घेतलं आणि यादीत 'करुणा' उजळलं. करुणा, तू खिडकीशी असशील, फोन पिशवीत असेल. तुला कळलंही नसेल. बस सुटली, आणि यादीतलं तुझं नाव पुन्हा विझलं.

एकदा उतर ना.