माझ्या छताला भोक पडलं

मी टेम्पो. बोलायची मला सवय नाही. चांगल्या गाडीने आवाज करू नये, हे मला बांधणाऱ्या मिस्त्रीचं मत, आणि तेच माझं. पण सध्या तळ्याकाठी उभा आहे, काम काही नाही. तेव्हा सांगतो. एकदाच सांगेन.

इंजिन आणि चाकं कारखान्यातून आली. त्याचं मला कौतुक नाही, ती सगळ्यांचीच येतात. माझं धड मात्र मिस्त्रीने हाताने बांधलं. गाड्यांची धडं बांधायचं त्याचं वर्कशॉप होतं. एका बेकरीवाल्याने मला त्याच्याकडे आणलं आणि एकच अट घातली. पहाटे भरलेला पाव शेवटच्या दुकानात पोचेपर्यंत गरम राहिला पाहिजे.

मिस्त्रीने दुहेरी पत्रा लावला. मधे ऊब धरून ठेवणारा काचेचा कापूस ठासला. दाराला चहूबाजूंनी रबराची पट्टी बसवली. काम संपलं की त्याची एक रीत होती. गाडीच्या पोटात मोठा दिवा लावायचा, दार बंद करायचं, वर्कशॉपचं शटर खाली ओढायचं आणि अंधारात गाडीभोवती वाकून फिरायचं. पत्र्यातून सुईएवढा उजेड दिसला तरी तो जोड पुन्हा उघडायचा. माझ्याभोवती तो तीन फेऱ्या फिरला. काही दिसलं नाही. शटर वर करून म्हणाला, "मुंगी शिरणार नाही."

त्याच्या तोंडून एवढं कौतुक दुसऱ्या गाडीला मिळालेलं मी ऐकलेलं नाही.

त्याची बायको तिथेच मशीनवर सीटची कव्हरं शिवायची. ती मान वर न करता म्हणाली, "मुंगीचं राहू द्या. आत कोणी अडकलं तर श्वास कुठून घेईल?"

"आत पाव असतो."

"पाव श्वास घेत नाही म्हणून बरं."

एकोणीस वर्षं मी पाव वाहिला. एकही दिवस गार पाव उतरवला नाही. माझं मागचं दार उघडलं की रस्त्यावरची माणसं नाक वर करायची. भांडत चाललेली माणसंही. गरम पावासमोर कोणाला फार वेळ चिडून राहता येत नाही, हे मी पाहिलं आहे. माणसं तशी सोपी असतात. उगाच अवघड असल्यासारखं वागतात.

मग बेकरी बंद झाली. दोन वर्षं मी भिंतीला नाक लावून उभा होतो. चाकांतली हवा गेली. आरशात चिमण्या भांडायच्या. धुळीत कोणीतरी बोटाने लिहिलं, 'मला आंघोळ घाला.' अक्षर वाईट होतं. मी दुर्लक्ष केलं.

एक दिवस मिस्त्री आला. म्हातारा झाला होता, वर्कशॉप मुलीच्या हवाली करून मोकळा झाला होता. त्याने माझ्या पत्र्यावर बोटाच्या पेराने टकटक केलं, कान लावला आणि म्हणाला, "अजून ठणठणीत आहे. मी नेतो."

त्याने माझी घरगाडी केली. पावाच्या फळ्या काढून दोन बाक बसवले, त्यांवर झोपायचं. शेगडी, पाण्याची टाकी, भांड्यांचं कपाट. सगळं मापात. बायकोने गाद्या शिवल्या. मग ती म्हणाली, "आता छताला एक झडप करा. वारा यायला."

"भोक? माझ्या हातच्या छताला?"

"तुमच्याच हाताने."

"ड्रायव्हरच्या मागे खिडकी आहे. मागे एवढं मोठं दार आहे. आणखी काय हवं?"

"तुमचं डोकंही याच मापाने बांधलंय," ती म्हणाली. "दुहेरी पत्रा. आत काही शिरत नाही."

झडप झाली नाही. मला बरं वाटलं. लपवत नाही.

आता कुत्री. पाना मोठा, केसाळ, आता बारा वर्षांचा. पिल्लू असताना वर्कशॉपमध्ये शिरला आणि पहिल्याच दिवशी दहा नंबरचा पाना तोंडात धरून पळाला. मिस्त्री त्याच्यामागे तीन गल्ल्या धावला. पाना मिळाला नाही, कुत्रा मिळाला. तेव्हापासून तेच नाव. दुसरी बॉबिन. ती बायकोची. हातभर लांब, सारखी स्वतःभोवती फिरणारी. तिला शेपूट अजून सापडलेलं नाही, पण तिने आशा सोडलेली नाही.

थंडीत आम्ही पुष्कळ फिरलो. बाहेर दात वाजायचे आणि माझ्या पोटात चौघं पावासारखी उबदार झोपायची. पाना मिस्त्रीच्या पायांवर. मिस्त्री पाय हलवायचा नाही. सकाळी लंगडायचा आणि म्हणायचा, "गुडघा धरलाय." बायको म्हणायची, "गुडघ्याला केस आलेत."

मग या वर्षीचा उन्हाळा आला. असलं ऊन मी पाहिलं नव्हतं. डांबर टायरला चिकटायचं. त्यांचं घर सगळ्यात वरच्या मजल्यावर, डोक्यावर तापलेली गच्ची. पंखा गरम हवा फेकायचा आणि वीज गेली की तेवढीही नाही. पाना न्हाणीघरातल्या फरशीवर पडून राहायचा. जेवेना. कुत्र्यांची डॉक्टर घरी येऊन बघून गेली. निघताना म्हणाली, "काका, याला उंचावर न्या, पाण्याजवळ. ऊन अजून चढणार आहे. या घरात हा आठवडा काढणार नाही."

मिस्त्री म्हणाला, "टेम्पो आहे."

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत निघालो. डोंगरातल्या तळ्यापर्यंत सात तासांचा रस्ता. मिस्त्री पुढे, दोन्ही काचा खाली, तोंडावर वारा. शीळ घालत होता. बायको आणि कुत्री मागे, माझ्या पोटात. मागचं दार बंद. चालत्या गाडीचं दार बंदच ठेवायचं असतं. मधली खिडकीही त्याने लावून घेतली होती, धूळ मागे जाऊ नये म्हणून.

दहा वाजता तिने काच ठोठावली आणि खिडकी सरकवली.

"अहो, मागे भट्टी झालीय."

"कशी होईल? दुहेरी पत्रा आहे. ऊन आत येत नाही."

"ऊन येत नाही हो. आतलं बाहेर जात नाही!"

ती खरं बोलत होती. एक बाई आणि दोन कुत्री, त्यांच्या श्वासांची वाफ, दोन बाटल्या सांडलेलं पाणी. सगळं मी घट्ट धरून ठेवलं होतं. मला तेच शिकवलं होतं. खरं सांगायचं तर तोवर मला अभिमानच वाटत होता. पाव असता तर वाफाळता उतरला असता.

पंधरा मिनिटांनी तिचा आवाज पुन्हा आला. या वेळी काच ठोठावली नाही. "पाना उठत नाहीये."

मिस्त्रीने मला समोरच्या पेट्रोलपंपावर घातलं. असा ब्रेक त्याने कधी मारला नव्हता. पंपाच्या छपराखाली सावली होती. त्याने पानाला उचलून फरशीवर ठेवलं. जीभ बाहेर, डोळे अर्धे मिटलेले, पोट भात्यासारखं. पंपावरचा माणूस गाड्या धुवायची नळी घेऊन धावत आला. मागच्या दारातून येणारा झोत त्याला लागला आणि तो म्हणाला, "काका, हा टेम्पो आहे की भट्टी? यात जिवंत माणसं बसवलीत?"

मिस्त्री फरशीवर पानाशेजारी टेकला.

बायकोने डॉक्टरला फोन लावला. "पाणी ओता, वारा घाला, थांबू नका," डॉक्टर म्हणाली. बायको पोटावर आणि पंजांवर पाणी ओतत होती. पंपवाला पुठ्ठ्याने वारा घालत होता. मिस्त्री पानाचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता आणि एकच शब्द म्हणत होता, "ऊठ. ऊठ." बॉबिन पहिल्यांदाच फिरायची थांबली होती.

पाऊण तास गेला. मग पानाने जीभ आत घेतली. डोकं उचललं. पुठ्ठ्याकडे पाहिलं आणि तो चावायला गेला.

"चावतोय!" बायको ओरडली. "अहो, चावतोय बघा!" पंपवाल्याने पुठ्ठाच त्याला देऊन टाकला.

डॉक्टर फोनवर हसली. म्हणाली, "घोटघोट पाणी द्या. पण त्याच गाडीत तसाच नेऊ नका. दुसऱ्यांदा उठणार नाही."

मिस्त्री उठला. माझ्या पोटात चढला आणि मागचं दार आतून ओढून घेतलं. मधली खिडकी बंद केली. बाकावर बसला. मला वाटलं, रुसला. तो रुसला नव्हता. तपासत होता. दहा मिनिटं बसला. शर्ट अंगाला चिकटला, चष्म्यावर वाफ धरली. मग दार उघडून खाली उतरला आणि बायकोला म्हणाला, "खडू दे."

तिने खडू दिला. एवढी वर्षं बोलली होती, आता गरज नव्हती.

पंपवाल्याने शिडी आणली. मिस्त्रीने सीटखालून हत्यारांची पेटी काढली, माझ्या छतावर ओलं पोतं टाकलं आणि त्यावर गुडघे टेकले. चौकोन आखला. दोनदा मोजला. चार कोपऱ्यांना गिरमिटाने भोकं पाडली आणि पत्र्याची कात्री लावली.

दुखलं का? दुखलं. इतक्या वर्षांचा ताठा होता. कापताना तो पुटपुटला, "माझंच चुकलं." मला म्हणाला की पानाला, कळलं नाही. आम्ही दोघांनी आपापल्या वाटणीचं घेतलं.

कापलेला पत्रा त्याने फेकला नाही. कडा दुमडून, ठोकून मऊ केल्या, बिजागरी लावली आणि त्याचीच झडप केली, मागच्या बाजूला उघडणारी. गाडी धावली की आतली हवा ओढली जाणार. तोवर बायकोने गादीच्या कव्हराचं जाड कापड काढून हातानेच टाके घातले, चिंब भिजवलं आणि मधल्या खिडकीत टांगलं. पुढून आलेला वारा त्यातून मागे येणार. या सगळ्यात बॉबिनने मिस्त्रीचा एक हातमोजा पळवला. तो अजून मिळालेला नाही.

आणि मग माझ्या पोटातून वारा वाहिला. पहिल्यांदा. कसं वाटलं ते सांगता यायचं नाही. इतकी वर्षं श्वास धरून ठेवला होता आणि ते मला माहीतच नव्हतं.

पण पाना आत येईना. चारही पाय फरशीत रोवले. शेवटी तिघांनी मिळून त्याला उचललं. पंपवाला म्हणाला, "शहाणा आहे. तुमच्यापेक्षा." मिस्त्री म्हणाला, "हो." वाटभर पाना ओल्या कापडाला नाक लावून पडून होता, आणि मिस्त्री दर दोन मैलांवर विचारत होता, "आहे ना?" बायको म्हणत होती, "आहे. रस्ता बघा."

तळ्यावर पोचलो. ऊन इथेही आहे, पण पाणी आहे, झाडं आहेत. पाना पाण्यात हनुवटीपर्यंत जाऊन बसला, तासभर उठला नाही. बॉबिन पाण्यातल्या स्वतःवर भुंकत राहिली. मिस्त्री पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात उतरला. बायकोने मागून ढकललं. तो पडला, हातातलं घड्याळ तेवढं वर धरलं.

इथे आणखी घरगाड्या आहेत. गाड्या लावायच्या या तळाची मॅनेजरबाई पहिल्या दिवशी माझी झडप बघून गेली. दुसऱ्या दिवशी चार जणांना घेऊन आली. आता मिस्त्री रोज सकाळी खडू कानावर ठेवून निघतो. सहा छतांना झडपा केल्या. बायको ओली कापडं शिवते. "जन्मभर फटी बुजवल्या," ती म्हणते, "आता गावभर भोकं पाडत हिंडतात." मिस्त्री रागावल्यासारखं करतो. जमत नाही.

एकच गोष्ट राहिली होती. पाना आत येत नव्हता. नऊ दिवस तो माझ्या खाली, चाकांच्या मधे झोपला. मिस्त्रीने बिस्किट दाखवलं, ते त्याने बाहेरूनच मान लांबवून खाल्लं. आत स्वतः आडवा होऊन घोरण्याचं सोंग केलं. पाना बाहेरून बघायचा आणि तोंड फिरवायचा.

"राहू द्या हो," बायको म्हणाली. "त्याचा भरवसा उडालाय. वेळ लागेल."

"माझ्यावरचा?"

"टेम्पोवरचा. तुमच्यावरचा असता तर तुमचं बिस्किट खाल्लं असतं का?"

आज दुपारी ऊन सगळ्यात कडक होतं. माझ्या खालची मातीसुद्धा तापली. मागच्या दारात ओलं कापड सोडलेलं, झडप उघडी. मिस्त्री आत बाकावर पडला होता. या वेळी खरंच झोपला होता.

पाना खालून निघाला. कापडाला नाक लावलं. थांबला. मग पुढचे दोन पाय पायरीवर ठेवले आणि चढला. कोणी बोलावलं नव्हतं. झडपेखाली उभा राहून त्याने वर आभाळाकडे पाहिलं, एकदा शिंकला आणि मिस्त्रीच्या पायांवर धपकन पडला.

मिस्त्री जागा झाला. पाय हलवला नाही. बायको शेगडीपाशी होती. तिने त्याच्याकडे पाहिलं आणि लगेच चहाच्या भांड्याकडे वळली. पुरुषाच्या डोळ्यांत पाणी आलं की त्याच्याकडे बघत राहू नये, हे तिला कळतं.

झालं. सांगायचं होतं ते सांगितलं. आता तुम्हाला एकच सांगणं. उन्हात गाडी लावून, आत कुत्रं बंद करून, 'पाच मिनिटांत आलो' म्हणू नका. गाडी कितीही चांगली असो. मी चांगलीच गाडी होतो.

आमच्याकडे कधी आलात तर दार उघडंच आहे. पाय पुसून या. कुत्र्यांना ही अट नाही.