मांडी घातली की जाणारी गाठ

कांदिवलीच्या आमच्या चाळीत दर गुरुवारी धाकूबाबा गाठी ओढून काढत. गर्दी जिन्यापर्यंत. दुखऱ्या जागेला पितळी नळी लावायची, चोखायचं, की ताटलीत टण्णकन काळा खडा. "घे, तुझा राखणदार मोकळा झाला." मोकळं व्हायला गावाची राखण करणारा हा देवचार कोकणातून कांदिवलीपर्यंत का येतो, हे मी विचारलं नाही. मला शेजार टिकवायचा होता.

समोरच्या काशीरामच्या बायकोच्या, रत्नप्रभाच्या गुडघ्यावर सुपारीएवढी गाठ होती. कधी असे, कधी नसे. चालता चालता गुडघा अडकून बसे. एक्स-रे कोरा आला. फोटोत नाही म्हणजे बाहेरची बाधा, असं घराने ठरवलं. बाबांनी खडा काढला की गाठ जाई. दवाखान्यात टेबलावर निजवलं की परत हजर.

"दवाखान्यातच लागतं रे ते बाहेरचं," काशीरामने मला समजावलं आणि दवाखान्याने दिलेली ऑपरेशनची तारीख सोडली. रत्नप्रभाला कोणी विचारलं नाही. तिनेही काही वाटून घेणं बंद केलं होतं.

तारीख चुकली म्हणून दवाखान्यातल्या डॉक्टर कुंदा सावंत गुरुवारी स्वतःच आल्या. अजून थांबलात तर गुडघा कायमचा आखडेल, असं काशीरामला सांगून गर्दीत बसल्या. नळी झाली, खडा पडला, गाठ गेली.

"रत्नप्रभाताई, आता पाय लांब करा."

समोर देव्हारा होता. तिथे आजवर प्रत्येकजण मांडी घालूनच बसला होता.

"देवाकडे पाय, बाई?" बाबा म्हणाले.

"गुडघा त्यानेच दिलाय. बघू दे त्यालाही."

रत्नप्रभाने, सांगितलं म्हणून, पाय सरळ केला. गाठ वर आली. मांडी घातली, गेली. लांब केला, आली. काशीरामने बोट लावून पाहिलं आणि बोट धोतराला पुसलं.

डॉक्टरांनी सांगितलं, सांध्याचं आतलं अस्तर क्वचित कूर्चेच्या गोळ्या बनवतं. त्या मऊ, म्हणून एक्स-रेत दिसत नाहीत. आत सुट्या फिरतात. गुडघा दुमडला की मागे सरकतात.

"मग खडा?" काशीरामने विचारलं.

"रुळाकडच्या खडीचा कपचा. गालातून येतो."

सगळ्यांनी बाबांकडे पाहिलं. पुढच्या रोग्याचा खडा गालात तयार होता, त्यामुळे बाबांना उत्तर देता येईना.

ऑपरेशन झालं. बाटलीत पांढऱ्या, गुळगुळीत गोळ्या, भिजवलेल्या साबुदाण्यासारख्या. रत्नप्रभाने पाहिलं, "इतक्याच?" म्हणाली आणि कूस बदलली. आता ती जिना उतरते.

गुरुवारची गर्दी थोडी कमी झालीय, एवढंच. देवासमोर मांडी घालून बसायला माझी हरकत नाही. उठण्यापूर्वी एकदा पाय लांब करून बघा.