खळग्यातले सात स्क्रू

नानांनी आतल्या खोलीतल्या कपाटावर पातेलं ठेवलं होतं, आणि पातेल्यात जुना टॉवेल. टॉवेल अशासाठी, की थेंब पडला तरी आवाज होऊ नये. पस्तीस वर्षं कारखान्यात फिटर म्हणून काढलेल्या माणसाचं डोकं ते, असल्या बाबतीत फार चालतं. कपाट चांगलं उंच. खालून बघणाऱ्याला पातेल्याचा काठसुद्धा दिसायचा नाही. तेव्हा आपलं घर गळतंय ही गोष्ट जगात फक्त आपल्याला आणि कपाटाला ठाऊक आहे, अशी नानांची पक्की समजूत होती.

एवढी लपवाछपवी कशासाठी? तर मुलासाठी. मुलाचं घरातलं नाव चिमण. जन्मला तेव्हा मूठभर होता. आता सहा फूट उंच झालाय, दारातून आत येताना मान वाकवतो, पण नाव काही वाढलं नाही. तर या चिमणने मागच्या खेपेला भिंतीवर ओघळ बघितला आणि उभ्या उभ्या निकाल देऊन टाकला.

"नाना, आणखी एकदा गळलेलं दिसलं, की सामान बांधायचं. तुम्ही दोघं माझ्याकडे. सातवा मजला, डोक्यावर पत्रा नाही, कटकट नाही. हे घर विकून टाकू."

"बघू," नाना म्हणाले होते. मनातून मात्र साफ नको होतं. सातव्या मजल्यावर जाऊन करायचं काय, खिडकीत बसून खालच्या गाड्या बघायच्या? हे घर त्यांनी स्वतः बांधलं होतं. एकेक पत्रा स्वतः वर चढवला होता, आणि त्या पत्र्याला आजवर परक्याचा हात लागू दिला नव्हता. दर वर्षी पावसाआधी नाना वर चढायचे. पन्हळीतला पाला काढायचा, प्रत्येक स्क्रूवर पाना फिरवायचा, कडक झालेले रबरी वॉशर बदलायचे. पाच वर्षांपूर्वी कपाटावर थोडं ठिबकलं, तेव्हा बरोब्बर कपाटाच्या वरच्या जागी त्यांनी डांबर थापलं, आणि मग दर वर्षी आणखी एक थर. मग दोन वर्षांपूर्वी गुडघ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी शिडी बंद केली. माईंनी, म्हणजे नानांच्या बायकोने, शिडीला साखळी बांधून कुलूप घातलं आणि किल्ली आपल्याजवळ ठेवली. नवऱ्याला त्या चांगल्याच ओळखून होत्या.

त्या आठवड्यात तीन दिवस नुसता धो धो पाऊस. चिमण रविवारी येणार होता. नाना रोज संध्याकाळी स्टुलावर चढून पातेल्यात डोकावायचे. कधी पाव भरलेलं, कधी अर्धं. "हे कसलं गळणं," ते मनाशी म्हणायचे, "हे तर डोळ्यात घालायच्या औषधाएवढं." आणि खूश होऊन खाली उतरायचे.

शनिवारी सकाळी पाऊस थांबला. माई अंघोळीला गेल्याचं बघून नाना स्टुलावर चढले. पातेलं रिकामं! ओला टॉवेल काढून दुसरा कोरडा, चार घड्या घालून आत ठेवलेला. रात्रभर एवढा कोसळला आणि थेंब नाही? नानांना वाटलं, गळती आपली आपणच बरी झाली.

"उतरा खाली," मागून आवाज आला. "मघाशीच रिकामं केलंय मी."

नाना स्टुलावरून पडलेच असते. माईंनी त्यांचा हात धरून खाली उतरवलं.

"तू? तुझा हात कसा पोचला?"

"शिडीने. किल्ली माझ्याकडेच आहे ना."

"कधीपासून करतेस हे?"

"तुम्ही पातेलं ठेवलंत, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून. दिवसातून दोनदा. नाहीतर केव्हाच भरून वाहिलं असतं."

"अगं, मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते, तर तो गुडघा घेऊन तुम्ही वर चढला असतात. मी काय ओळखत नाही तुम्हाला?"

नाना खाटेवर बसले. मोठी चोरी पकडली गेली होती खरी, पण छातीवरचं ओझंही उतरलं होतं. आता निदान दोघं मिळून घाबरता येणार होतं.

"मला नाही जायचं सातव्या मजल्यावर," ते लहान मुलासारखं म्हणाले.

"मला तरी कुठे जायचंय? पण पातेली रिकामी करून घर राहतंय होय? पत्रेवालीला फोन केलाय. दहाला येतेय."

"माझ्या पत्र्यावर दुसऱ्या कुणी चढायचं?"

"मग काय पत्र्याने खाली यायचं?"

नाना चडफडत अंगणात गेले.

पत्रेवाली दहाला पाच कमी असताना आली. चाळिशीची, काटक, कमरेला हत्यारांचा पट्टा. नानांनी तिला छताचा इतिहास सांगायला घेतला, तेव्हा ती म्हणाली, "काका, ते नंतर ऐकते, आधी शिडी द्या," आणि सरसर वर गेली. थोड्या वेळाने वरून आवाज आला.

"हे डांबर कुणी थापलंय?"

"मी!" नाना अंगणातून म्हणाले.

"काम मजबूत आहे. पण इथे भोकच नाही."

"नाही कसं? थेंब खाली तिथेच पडतो!"

"पडतो तिथे, काका, पण शिरतो दुसरीकडे. पत्र्याखालच्या लोखंडी पट्टीवरून चालत येतो."

नाना लाल झाले. नव्या कामगारांना त्यांनी हेच शंभरदा शिकवलं होतं, की ओल दिसते तिथे नाही, वरच्या अंगाला शोधायचं. स्वतःच्या घरात मात्र गुडघा बसेपर्यंत दर वर्षी जिथे काही नाही तिथे डांबर थापत बसले. 

तेवढ्यात फाटक वाजलं. बघतात तर चिमण! एक दिवस आधीच. त्याने शिडी बघितली, वरची बाई बघितली, दारातून दिसणारं कपाटावरचं पातेलंही बघितलं, कारण सहा फुटी माणसाला ते दिसणारच.

"गळतंय ना?" तो म्हणाला. "नाना, आपलं काय ठरलं होतं?"

 संपलं, नानांना वाटलं. बांधा सामान.

आणि नेमकी तेव्हाच पत्रेवाली वरून ओरडली, "सापडलं! अहो काका, बाकीचे सगळे पत्रे कसे दोरी धरून मारलेत, आणि या टोकाचा एक कुणी मारला? पिऊन आला होता की काय? सात स्क्रू, आणि सातही खळग्यात!"

पत्र्याला उंचवटे असतात आणि मधे खळगे. खळग्यातून पाणी वाहतं, म्हणून स्क्रू नेहमी उंचवट्यावर मारायचा. हे पहिल्या दिवशी शिकवतात.

"शक्य नाही!" नाना गरजले. "हे छप्पर माझ्या हातचं आहे!"

पत्रेवालीने खाली येऊन मोबाइलवर फोटो दाखवला. नानांनी चष्मा लावला. त्यांचेच स्क्रू, सातही खळग्यात. 

माई खांद्यावरून बघत होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "अहो, हा शेवटचा पत्रा. तो दिवस विसरलात का?"

नानांनी चष्मा काढला.

"तू व्हायला अजून दीड महिना बाकी होता," माई चिमणला सांगू लागल्या. "आणि अचानक माझ्या पोटात कळा. मी इथूनच हाक मारली, हे वर होते. 'आलो' म्हणाले, आणि येईनातच! नुसता खडखड आवाज."

"पत्रा सुटा टाकून कसा येणार?" नाना म्हणाले.  "वारा सुटला होता. उडाला असता, तुझ्याच अंगावर पडला असता. हात असे कापत होते... दिसेल तिथे सात पिळले आणि उडी मारली. म्हटलं, नंतर परत नीट मारीन. मग ते हॉस्पिटल, ती काचेची पेटी. पंचवीस दिवस हा त्या पेटीत. कुठला पत्रा नि कुठलं काय. विसरलोच. पुढे दर वर्षी घट्ट आहेत ना, एवढंच बघितलं."

"वॉशर बदलत होतात म्हणून इतकी वर्षं थोडक्यावर भागलं," पत्रेवाली म्हणाली. "दोन वर्षं हात फिरला नाही, रबर तडकलं."

चिमणने हे कधी ऐकलं नव्हतं. त्याने मोबाइल हातात घेऊन फोटो मोठा करून बघितला.

"म्हणजे घर माझ्यामुळे गळतंय?"

"तुझ्यामुळेच!" नाना उसळले. "तुला कुठे धीर धरवत होता?"

"आणि आता हाच आपल्याला घराबाहेर काढतोय," माई म्हणाल्या.

आधी पत्रेवालीला हसू फुटलं, मग सगळ्यांनाच. चिमणने बूट काढले, बाह्या वर केल्या आणि शिडी चढला. पत्रेवालीने सातही भोकं पट्टी लावून बुजवली. नवे स्क्रू तिने सांगितले तिथे चिमणने मारले. खाली नाना गुडघा धरून ओरडत होते, "उंचवट्यावर, रे! उंचवट्यावर!"

"कळलं, नाना!"

शेवटी पत्रेवालीने पाइप लावून वरून पंधरा मिनिटं पाणी सोडलं. आत तिघंही माना वर करून उभे. माईंनी नानांची बाही घट्ट धरली होती. थेंब नाही. आणखी पाच मिनिटं. तरी नाही.

"वर्षातून एकदा मी येत जाईन वर चढायला," चिमण छताकडे बघतच म्हणाला. "सातव्या मजल्याचं राहू दे."

नानांनी इतका मोठा श्वास सोडला, की माईंना हसू आलं.

दुपारी जेवून चिमण कपाटाजवळच्या खाटेवर आडवा झाला आणि लगेच घोरायला लागला. पाय खाटेबाहेर हातभर. मग पाऊस आला, चांगला झोडपून. पत्रा नुसता वाजत होता. नाना दारात उभे राहून एकदा छताकडे बघत होते, एकदा झोपलेल्या मुलाकडे. काचेच्या पेटीबाहेरही ते असेच उभे राहायचे. त्यांचे डोळे भरून आले.

माईंनी कपाटावरचं पातेलं उतरवलं, आतला टॉवेल काढला आणि त्यांच्या हातात दिला.

"घ्या," त्या म्हणाल्या. "कोरडा आहे."